कातळखोलचा होकार

गाऱ्हाणं घालणाऱ्या माणसाला स्वतः ‘होय महाराजा’ म्हणायला मिळत नाही. तो देवाला सांगतो, मागतो, विनवतो, आणि त्याच्या दर वाक्याला पाठीमागे उभा असलेला गाव एका दमात म्हणतो, ‘होय महाराजा!’ कातळखोलच्या बाबल घाड्यांनी हे काम उभी हयात केलं. वडील गेले तेव्हा त्यांना धड मिसरूडही फुटलं नव्हतं. तेव्हापासून कुणाची गाय हरवली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा मुलगा बोटीवर निघाला, की नारळ घेऊन माणूस यायचा आणि बाबल घाडी ग्रामदेव गांगेश्वरासमोर उभे राहायचे. गावाचा होय त्यांनी असा पाठीवर झेलला. त्यात त्यांचा स्वतःचा होय नव्हता, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलंही नाही.

त्यांची मुलगी मृण्मयी हिला मात्र त्या होयचं भारी वेड. लहानपणी ती शेवंतकाकीच्या लुगड्याला धरून बापाच्या मागे उभी राहायची आणि सगळ्यांच्या आधी ओरडायची. आई तिला आठवत नव्हती. शेजारच्या शेवंतकाकीनंच तिला वाढवलेलं. पुढे ती शिकायला मुंबईला गेली, तिथून परदेशी गेली, ध्वनिशास्त्रात डॉक्टर होऊन परत आली, तरी जत्रा तिनं चुकवली नाही. आणि एवढी शिकली तरी होय म्हणायची घाई काही गेली नाही.

त्या वर्षी ती जत्रेला आली ती शर्टाच्या बटणाएवढे मायक्रोफोन घेऊन. सभामंडपाच्या खांबांवर, दीपमाळेपाशी, पंगतीच्या कडेला तिनं ते चिकटवले. बाबल घाडी मान वर करून बघत राहिले.

“ह्या काय गो, बाय?”

“गावाचा आवाज जपून ठेवायचाय, आबा. तुमचं गाऱ्हाणंसुद्धा.”

“माझा गाऱ्हाणा?” म्हातारा खूश झाला. “मगे जरा मोठ्यान घालूक होया.”

तिनं सांगितलं ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं. तिला कातळखोलातल्या प्रत्येक मतदाराचा आवाज हवा होता. खोलीत बसवून प्रश्न विचारले की गावची माणसं आखडतात, समोरच्याला काय आवडेल ते बोलतात. जत्रेत सगळा गाव आयता एका जागी होता, आणि मोकळा. नियमाप्रमाणे सरपंचाची परवानगी पुरत होती. ती तिनं घेतली होती. गावाला वेगळं सांगत बसायचं कारण नव्हतं.

त्या दिवशी आबांनी खरंच मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं. एरवीपेक्षा लांबवलंही. पावसापाण्याचं झालं, गुराढोरांचं झालं, मुंबईकरांच्या नोकऱ्यांचं झालं. गाव होय म्हणत राहिला, आणि मृण्मयीही सगळ्यांच्या किंचित आधी म्हणत राहिली.

मृण्मयीचा शोध सांगायला सोपा आहे. माणसाला काही विचारलं की उत्तर तोंडाबाहेर पडण्याआधी तो श्वास घेतो. तो श्वास किती लांबतो, स्वरतंतू किती ताणले जातात, पहिलं अक्षर किती चढून येतं, यावरून येणारं उत्तर मनापासूनचं आहे की भिडेपोटी दिलेलं, हे कळतं. शब्दावर माणसाचा ताबा असतो, शब्दाआधीच्या श्वासावर नसतो. तिनं हजारो माणसांवर हे ताडून पाहिलं होतं. मग तिच्या संस्थेनं, म्हणजे ‘जनस्वर’नं, त्याच्या पुढची पायरी गाठली. माणसाचा आवाज आणि सरकारकडे त्याच्याबद्दल आधीच असलेली माहिती एकत्र करून संगणकात त्याचा एक जोडीदार उभा करायचा. त्याला नाव दिलं ‘प्रतिजन’. तुम्हाला जे विचारायचं ते तुमच्या प्रतिजनाला विचारावं, तो तुमच्यासारखंच उत्तर देईल. खऱ्या माणसाला आणि त्याच्या प्रतिजनाला तोच प्रश्न विचारून पाहिला, तर क्वचितच फरक पडायचा.

सरकारला ही कल्पना एकदम पसंत पडली. आता कोणताही मोठा प्रकल्प यायचा तर तालुक्याच्या हॉलमध्ये जनसुनावणी होत नसे. गावातल्या सगळ्या प्रतिजनांची सुनावणी होई आणि तीच गावाची संमती किंवा नकार धरली जाई. मृण्मयीचा या पद्धतीवर मनापासून विश्वास होता. जुन्या सुनावण्या तिनं पाहिल्या होत्या. ट्रकमधून आणलेली माणसं पुढच्या खुर्च्यांवर, आणि ज्यांची जमीन जायची त्या बायका घरी चुलीपाशी. सातपुड्यातल्या एका पाड्यात बायकांच्या प्रतिजनांनी धरणाला नकार दिला आणि ते धरण खरोखर थांबलं, तेव्हा ती कचेरीच्या जिन्यात बसून रडली होती. शिरीष नाडगौडांनी त्या दिवशी पेढे वाटले.

नाडगौडा म्हणजे नेमके कोण, हे एका वाक्यात सांगणं कठीण. सकाळी ते मंत्रालयात लोकमत सल्लागार समितीवर असत, आणि नियमांचे मसुदे त्यांच्याच लॅपटॉपवर जन्माला येत. दुपारी ते ‘जनस्वर’चे संचालक असत. संध्याकाळी सत्ताधारी पक्षाच्या निवडणूक कचेरीत त्यांच्याशिवाय पान हलत नसे. रविवारी सकाळी वज्रांकुर मिनरल्सच्या मालकांबरोबर बॅडमिंटन. कुणी टोकलंच तर ते हसून म्हणत, “अहो, माणूस एकच आहे म्हणून तर कामं पटापट होतात.” आणि माणूस गोड. शिपायाच्या मुलीच्या दहावीचे मार्क त्यांना पाठ असत. त्यांचं सगळं उघड होतं. लपवलेलं काही नव्हतंच, त्यामुळे शोधून काढायलाही कुणाला काही उरलं नव्हतं.

नियमांच्या मसुद्यात एक कलम मृण्मयीनं सुचवलेलं होतं. प्रश्न स्थानिक बोलीत आणि परिचित आवाजात विचारावेत. साहेबी आवाजाला म्हाताऱ्या बायका बिचकतात, तसे त्यांचे प्रतिजनही बिचकतात, असं तिला आढळलं होतं. नाडगौडांनी तिची पाठ थोपटली आणि ते कलम जसंच्या तसं घातलं.

कातळखोलच्या डोक्यावर मोठा सडा आहे. जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. वरून बघणाऱ्याला ते ओसाड वाटतं, पण जांभा सच्छिद्र असतो. चार महिने तो पाऊस पितो आणि उरलेले आठ महिने थोडा थोडा खाली सोडतो. देवळामागची झर त्यावरच चालते. ऐन वैशाखातही तिचं पाणी तुटत नाही आणि अख्खा गाव त्यावर जगतो. त्याच जांभ्यात गॅलियम सापडलं. फोनपासून क्षेपणास्त्रापर्यंत सगळ्याला लागणारा हा धातू परदेशातून येईनासा झाला होता, त्यामुळे वज्रांकुर मिनरल्सला सडा हवा होता आणि सरकारला तो त्यांना द्यायचा होता. सडा सोलला की झर आटणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नव्हता.

मृण्मयीला याची धास्ती वाटली नाही. उलट ती निश्चिंत होती. कातळखोल नाहीच म्हणणार होतं.

प्रतिजनांच्या सुनावणीचा निकाल आला तेव्हा ती कचेरीत चहा घेत होती. पडद्यावरची आकृती बघून तिला वाटलं, यंत्र बिघडलं. सगळा गाव हो म्हणाला होता. नुसता हो नव्हे, श्वास न अडखळता, मनापासून. एकच उत्तर रिकामं होतं. बाबल महादेव घाडी, उत्तर नाही.

तिनं कानाला हेडफोन लावून सुनावणी ऐकली. प्रश्न विचारणारा आवाज तिच्या बापाचा होता.

“बा कातळखोलच्या गावकऱ्यांनो, आज ह्यो सडो देशाच्या कामाक येवचो हा, तेचो मान गावाक मिळाचो, पोराबाळांका काम मिळाचा, असा सगळ्यांच्या मनात हा, महाराजा…”

“होय महाराजा!”

शेवंतकाकीचा घोगरा आवाज त्यात होता. लाकूडतोड्या गणूचा होता. सगळे होते.

काय झालं ते कळायला तिला वेळ लागला नाही. जत्रेतल्या त्या ध्वनिमुद्रणात गप्पा होत्या, भांडणं होती, पोरांवरचं ओरडणं होतं. पण विचारलं आणि उत्तर दिलं, असे स्वच्छ प्रसंग गाऱ्हाण्याचेच होते, आणि ते प्रत्येकाच्या वाट्याला सारखे आलेले. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी माणसं त्या सुराला क्षणाचाही विचार न करता होय म्हणतात, हे यंत्र शिकलं होतं. त्या शिकण्यात चूक काहीच नव्हती. पण गाव होय म्हणत होता तो आपल्या वतीनं देवाकडे मागणाऱ्या माणसाच्या मागे उभं राहून. त्या माणसाला तोंड फिरवून गावाकडेच काही मागायला लावलं, तर गावानं काय करावं, हे कातळखोलात कधी घडलंच नव्हतं. आबांचा प्रतिजन तेवढा गप्प राहिला, कारण त्या सुराला उत्तर देताना आबांना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

ती तशीच नाडगौडांच्या खोलीत गेली.

“सर, कातळखोलचे प्रश्न कुणी लिहिले?”

“बस आधी. पाणी घे.” त्यांनी स्वतः पेला भरून पुढे केला. “माझ्या मुलांनी लिहिले. का गं?”

“माझ्या वडलांचा आवाज वापरला.”

“परिचित आवाज. तुझंच कलम.”

“प्रश्नांना गाऱ्हाण्याचा सूर दिला. तो सूर लावला तर माझं गाव कशालाही होय म्हणेल. गावच बुडवू म्हटलं तरी म्हणेल. तुम्हाला हे ठाऊक होतं.”

नाडगौडांनी नाही म्हटलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. खिडकीबाहेर बघत त्यांनी हळूच विचारलं, “मग आता काय करायचं म्हणतेस?”

करण्यासारखं एकच होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. कायद्यानं माणसाला आपल्या प्रतिजनाविरुद्ध बोलायची मुभा होती, पण ते बोलणं ‘तात्कालिक भावना’ म्हणून बाजूला ठेवलं जाई. सुनावणी रद्द व्हायची तर आवाजांचा नमुनाच सदोष आहे, असं तांत्रिक प्रमुखानं हरकतीच्या मुदतीत शपथेवर सांगावं लागे. कातळखोलची तांत्रिक प्रमुख मृण्मयी होती.

“तू शपथपत्र दे, मी अडवणार नाही,” नाडगौडा म्हणाले. “पण एक विचार कर. तुझा तांत्रिक प्रमुखाचा परवाना जाईल ते सोड. उद्या प्रत्येक कंपनी उठेल आणि म्हणेल, सगळेच नमुने सदोष आहेत. सातपुड्यातलं ते धरण परत उभं राहील. त्या बायकांना काय सांगशील?”

मृण्मयीनं पेला टेबलावर ठेवला.

“आणि कातळखोलचं म्हणशील, तर मी वज्रांकुरवाल्यांशी बोलतो. देवळामागचा पट्टा सोडायला लावतो. झर वाचली तर झालं ना तुझं? नकाशा बदलायला थोडे दिवस लागतील. तोवर घाई करू नकोस. माझा शब्द आहे.”

त्यांचा आवाज इतका मऊ होता की आपण काही सोडून देतो आहोत, असं तिला वाटलंच नाही. दोन्ही वाचणार असतील तर वाचू देत, असं वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

ती गावाला गेली तेव्हा सुनावणीचं ध्वनिमुद्रण तिच्याआधी पोचलं होतं. नियमाप्रमाणे ते ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ऐकवलं गेलं होतं. गावानं स्वतःलाच होय म्हणताना ऐकलं, आणि विचारताना ऐकलं बाबल घाड्यांना. पारावर बसलेल्या माणसांनी मृण्मयीला पाहून नजर वळवली. शेवंतकाकी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मृण्मयी तिच्याजवळ गेली तरी तिनं मान वर केली नाही.

“काकी.”

“इलंस?” काकी मिरच्यांशीच बोलली. “मी कधी म्हटलंय गो, सडो घेवा म्हणान?”

“तू नाही म्हटलंस, काकी. यंत्र म्हणालं.”

“माझोच आवाज होतो. मी वळाखलंय ना.” तिचे हात थांबले. “बाबलान विचारल्यान म्हणान मी होय म्हटलंय. दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी काठी घेतलंय असती.”

घरी आबा ओसरीवर बसले होते. देवळात गेल्याला किती दिवस झाले, हे त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. कुणी नारळ घेऊन येत नव्हतं. कुणाची गाय हरवली तर ती हरवलेलीच राहत होती. मृण्मयीनं त्यांच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. मायक्रोफोन कशासाठी होते तेही सांगितलं. म्हातारा रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“मी मोठ्यान घातलंय गाऱ्हाणा,” ते एवढंच म्हणाले. “तुझ्यासाठी.”

तिला रडू आवरेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो नुसता ठेवलेला होता.

“आबा, झर वाचेल. शिरीषसरांनी शब्द दिलाय.”

“कोणाक दिल्यान?”

“मला.”

“गावाक सांगलंस तू? जा, पारार जा आणि सांग. चूक माझी म्हणान सांग. लोक काय बोलतीत ता ऐकून घे.”

“नकाशा हातात आला की सांगते, आबा. आत्ता सांगितलं तर सगळंच फिसकटेल.”

ते काही बोलले नाहीत. त्या गप्प राहण्याला नकार म्हणायचं, एवढं शास्त्र तिला येत होतं. तरी ती दुसऱ्या दिवशी पाराकडे न वळता सरळ स्टँडवर गेली.

पुढचे दिवस ती फोनकडे डोळे लावून बसली. नाडगौडांचे निरोप येत. बोलणं चालू आहे. मालक परदेशी आहेत. मंत्र्यांच्या कानावर घातलंय, जवळजवळ झालंच. शपथपत्र तिनं लिहून ठेवलं होतं आणि रोज ते उघडून एखादा शब्द बदलत होती. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा तिनं फोन केला. “संध्याकाळपर्यंत नकाशा येतोय, थांब,” नाडगौडा म्हणाले. ती थांबली. संध्याकाळी नकाशा आला. देवळामागचा पट्टा त्यात होता. झर होती, देऊळ होतं, आबांची ओसरी होती. सगळं खाणीच्या लाल रेघेच्या आत होतं.

तिनं शपथपत्र त्याच क्षणी पाठवलं. ‘मुदत संपली आहे’ असं उत्तर लगेच आलं. तेही यंत्रानंच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती नाडगौडांसमोर उभी राहिली तेव्हा तिच्या हातात राजीनामा होता. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

“तुम्ही मला फसवलंत.”

“मी प्रयत्न केला होता, खरंच. पण त्यांना पूर्ण सडा हवा होता.” ते थकल्यासारखे दिसत होते. “तुला एक सांगू? मला तुझी भीती कधी वाटली नाही. मंत्र्यांना वाटत होती. ते विचारत होते, ती बाई शेवटच्या दिवशी गोंधळ घालेल का. मी म्हटलं, नाही घालणार.”

“का?”

“तुझं नाव अजून कातळखोलच्या मतदारयादीत आहे, मृण्मयी. जत्रेच्या दिवशी तू तिथं होतीस. तुझाही प्रतिजन आहे.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आम्ही त्याला विचारलं, शब्द दिला तर थांबशील का. तो म्हणाला, थांबेन.”

आपण थांबलो ते विचार करून, सातपुड्यातल्या बायकांसाठी, झरीसाठी, असं तिनं स्वतःला इतके दिवस समजावलं होतं. त्यातलं काहीच तिला नाकारता येईना आणि काहीच खरं वाटेना.

“कुणाच्या आवाजात विचारलंत?” तिनं विचारलं.

नाडगौडांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. तिला उत्तर लागलंही नाही; ज्या आवाजाला ती लहानपणापासून सगळ्यांच्या आधी होय म्हणत आली होती, तो एकच होता.

पावसाच्या तोंडावर, आगोठीच्या आधी गाव उठवायचा ठरला. पुनर्वसनाची घरं महामार्गाच्या पलीकडे बांधून तयार होती, नळ होते, पंखे होते. देवही हलवायचा होता. आणि देव हलवायचा तर त्याला आधी सांगायला हवं, आणि ते सांगायचा अधिकार गाऱ्हाणं घालणाऱ्या घाड्याचा. इतके दिवस बाबल घाड्यांच्या दारातून न गेलेला गाव अखेर त्यांच्या दारात आला. पुढे शेवंतकाकी होती. तिच्या हातात नारळ होता.

“चल रे बाबल,” ती म्हणाली. “देवाक निरोप देवचो हा.”

त्या दिवशी कुणीही फोन बरोबर आणला नाही. तसं ठरलं नव्हतं, पण प्रत्येकानं घरीच ठेवला होता. तरी सभामंडपात शिरताना माणसं खांबांवरून हात फिरवून बघत होती. मृण्मयी मागे, शेवंतकाकीच्या बाजूला उभी राहिली. तिला कुणी जवळ बोलावलं नाही आणि कुणी दूरही केलं नाही. देवळामागे झर वाहत होती. इतक्या शांततेत तिचा आवाज फार मोठा वाटत होता.

आबा धुतलेलं धोतर नेसून पुढे झाले. देवापुढे नारळ ठेवला. त्यांनी आवाज लावला. तो पूर्वीचाच होता.

“बा देवा गांगेश्वरा, आज सगळो गाव तुझ्या पायाकडे गोळा झालो हा, महाराजा…”

ते थांबले. तिथं नेहमी थांबायचं असतं.

मृण्मयीनं गावाचा श्वास ऐकला. सगळ्या गावानं तो एकदम आत घेतला, नेहमीसारखा. शेवंतकाकीची छाती भरून आलेली तिनं बाजूला पाहिली. आणि तो श्वास तसाच आत राहिला. कुणी होय म्हटलं नाही. म्हणायचं नाही, असंही कुणी ठरवलं नव्हतं. ज्या शब्दानं सडा गेला तो शब्द तोंडाबाहेर काढायला माणसं भ्याली होती.

आबा वाट बघत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. गाऱ्हाणं घालताना वळायचं नसतं. थोड्या वेळानं त्यांनी पुढचं वाक्य घेतलं.

“आमच्या हातून जी काय चूकभूल झाली असात, ती पदरात घे. जंय आमी जावचे आसव, थंय आमच्या वांगडा ये, महाराजा…”

पुन्हा तो श्वास, आणि पुन्हा काही नाही. एक लहान पोर आईकडे बघून काही बोलायला गेलं तर आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मृण्मयीनं ओठ उघडले. आपण तरी म्हणावं, आबांना एकटं उभं राहू देऊ नये. पण आपला होय किती लवकर येतो हे तिला आता माहीत होतं, आणि तिनं ते पुन्हा मिटले.

बाबल घाड्यांची पाठ हळूहळू वाकत गेली. इतकी वर्षं जे मागून येऊन टेकत होतं ते आलं नव्हतं. त्यांनी नारळावर हात ठेवला.

“होय महाराजा,” ते स्वतःच म्हणाले.

फार मोठ्यानं नाही. आपल्या घरच्या माणसाला सांगावं तसं. मग पुढचं वाक्य त्यांनी घातलं, आणि त्यालाही स्वतःच होय म्हटलं. असं करत त्यांनी गाऱ्हाणं पुरं केलं. मागताना त्यांचा आवाज खणखणीत होता. प्रत्येक होयच्या आधी मात्र त्यांचा श्वास लांबत होता, अडखळत होता, कसाबसा सुटत होता. मृण्मयीच्या कानांना ते बरोबर कळत होतं. तिच्या यंत्रानं त्यातल्या एकालाही होकार मानलं नसतं.

मग नारळ फुटला, आणि गावानं सामान गाडीत चढवायला घेतलं.